आई आधी निघून गेली! (ऑस्प्रेच्या घरट्यावरचे शेवटचे दिवस)

पाऊलखुणा | १६ ऑगस्ट, रात्री १०:१२

एप्रिलपासून स्कॉटलंडमधल्या एका ऑस्प्रेच्या घरट्याचा थेट कॅमेरा बघतेय. ऑस्प्रे म्हणजे आपल्या पक्ष्यांच्या पुस्तकांतला कैकर. कुणी मोरघार म्हणतं, कुणी मीनखाई घार. हे शेवटचं नाव मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण हा प्राणी माशांशिवाय जवळजवळ काहीच खात नाही.

यंदा तीन अंडी होती. तिन्ही फुटली, तिन्ही पिल्लं जगली. मी त्यांना थोरली, मधला आणि शेंडेफळ म्हणते. थोरली जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उडाली, शेंडेफळ सगळ्यात उशिरा, ३० जुलैला. त्या दिवशी मी ऑफिसात मोबाइल टेबलाखाली धरून बसले होते.

आता मुद्द्यावर येते. चार दिवस झाले, आई दिसत नाहीये. १२ तारखेला सकाळी शेवटची दिसली. स्वतः मासा पकडून आली, पण पिल्लं एवढी ओरडत असताना त्यांना न देता पलीकडच्या वाळक्या झाडावर बसून एकटीनेच खाल्ला. हे मला फार खटकलं. त्यानंतर गायब. बाप मासे आणतोय, पिल्लं दिवसभर घरट्यावर बसून केकाटतायत. तिला काही झालं असेल का? पिल्लं उडून महिनासुद्धा झाला नाही हो. कुठली आई अशी जाते?

---

दुर्बीण | १६ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, घाबरू नका. निघाली ती. ऑगस्टचा मध्य म्हणजे अगदी वेळेवर. त्या भागातल्या घरट्यांवर क्रम बहुतेक ठरलेला असतो: आधी आई, मग पिल्लं एकेक करून, आणि सगळ्यात शेवटी बाप.

तुम्हाला जे खटकलं तीच तयारी होती. एप्रिलअखेरीपासून तिचा हिशोब मांडून बघा. अंडी उबवायला पाच-सव्वापाच आठवडे. बराचसा वेळ तीच बसते, नर अधूनमधून तिला सुटी देतो. मग पिल्लं. पहिले काही आठवडे ऊन असो की पाऊस, ती त्यांच्यावर छत्रीसारखी पंख धरून उभी. मासा नर आणतो, तोही बऱ्याचदा डोकं खाऊन झालेला. त्याचे बारीक बारीक घास तोडून ती पिल्लांना भरवते आणि सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं ते तिचं. तीन महिने असे काढल्यावर त्या शरीराला पश्चिम आफ्रिकेपर्यंत साधारण पाच हजार किलोमीटर जायचं असतं.

म्हणून पिल्लं उडाली की ती स्वतः मासेमारीला लागते. तासन्‌तास घरट्यापासून लांब राहते, पोटभर खाते, पिसं नीट करते. कॅमेऱ्यात ती कमी कमी दिसायला लागते आणि एक दिवस दिसतच नाही. निरोप वगैरे भानगड नसते.

---

समुद्रवारा | १६ ऑगस्ट, रात्री ११:३०

दुर्बीण यांच्याशी सहमत. मी तिकडे असताना दोन हंगाम एका घरट्याच्या राखणीला स्वयंसेवक म्हणून जात होतो. आमच्या वहीत 'मादी: शेवटची नोंद' हा रकाना नेहमी दोन-तीन दिवसांनी मागे जाऊन भरावा लागायचा. कारण शेवटची नोंद ही शेवटची आहे हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही.

---

पाऊलखुणा | १७ ऑगस्ट, सकाळी ७:४८

हुश्श. रात्रभर डोक्यात तेच होतं. आभार दोघांचेही.

पण मग एक सांगा. तीच आधी का? बाप का नाही?

---

दुर्बीण | १७ ऑगस्ट, सकाळी ९:२०

कामाची वाटणी बघा. ऑस्प्रेची मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते. घरटं राखणं आणि भरवणं तिच्याकडे. नर अंगाने हलका, पंख निमुळते, मासेमारीचं काम एप्रिलपासून त्याचंच. पिल्लं उडाली की भरवायचं काम संपतं, मासा फाडून खायला ती शिकलेली असतात. राखणही फारशी लागत नाही. राहतं काय, तर मासा आणून टाकणं. म्हणजे तिचं खातं बंद झालं, त्याचं अजून चालू आहे.

---

शंकेखोर | १७ ऑगस्ट, दुपारी १:१५

चांगला धागा. पण 'तयारी' हा शब्द जरा जपून वापरा मंडळी. आपण प्रवासाला निघताना यादी करतो तशी ती करते का? तिला सहारा पुढे आहे हे माहीत आहे का? भूक वाढली म्हणून खाल्लं, एवढंच म्हणता येईल ना?

---

दुर्बीण | १७ ऑगस्ट, दुपारी ३:०२

मान्य. यादी तिने केलेली नाही, तिच्यासाठी ती करून ठेवलेली आहे. २१ जूननंतर दिवस लहान व्हायला लागतो. डोळ्यांतून आणि मेंदूतून हा बदल शरीराच्या घड्याळाला कळतो, संप्रेरकं बदलतात, भूक आणि चरबी दोन्ही वाढतात, आणि मग एक अस्वस्थपणा येतो. पिंजऱ्यातल्या स्थलांतरी पक्ष्यांमध्ये ही अस्वस्थता नीट अभ्यासली गेली आहे. निघायचा मोसम आला की बंद खोलीतसुद्धा ते जायच्या दिशेला तोंड करून फडफडतात. जर्मन पक्षिशास्त्रज्ञांनी तिला दिलेलं 'त्सुगुनरूअ' हे नाव सगळीकडे रूढ झालं. आपल्याकडे 'पायाला भिंगरी' म्हणतात, तसंच काहीसं. फक्त इथे भिंगरी रक्तातच आहे.

बरं, मासे संपले म्हणून ते जातात असंही नाही. ऑगस्टात तिकडच्या तळ्यांत मासे भरपूर असतात. अडचण पुढे येते. थंडी पडली की मासे खोल पाण्यात उतरतात, काही तळी गोठतात. ऑस्प्रे जेमतेम एक मीटर खोल सूर मारतो. त्याला वरच्या थरातलाच मासा मिळतो. टंचाई येण्याआधी निघणारे जगले, थांबणारे मेले, आणि हे हजारो पिढ्या चाललं. 'तयारी' या शब्दात एवढं सगळं गुंडाळलेलं आहे. चालेल का?

---

शंकेखोर | १७ ऑगस्ट, दुपारी ३:१०

चालेल. :)

---

पेन्सिल | १८ ऑगस्ट, रात्री ८:५५

माझी आठ वर्षांची लेक हा धागा माझ्या खांद्यावरून वाचतेय. तिचा प्रश्न जसाच्या तसा: "आई आधीच गेली, बाबा नंतर जाणार, मग पिल्लांना रस्ता कोण दाखवणार?" मी म्हटलं थांब, इथे विचारते.

---

दुर्बीण | १८ ऑगस्ट, रात्री १०:४०

लेकीला शाबासकी द्या, तिने नेमक्या जागी बोट ठेवलंय. उत्तर आहे: कुणीही नाही.

हंस, बगळ्यांसारखे क्रौंच यांची पिल्लं आईबापांबरोबर, थव्याबरोबर जातात आणि रस्ता शिकतात. ऑस्प्रेचं तसं नाही. प्रत्येक जण एकटा निघतो. तीन भावंडं एकाच घरट्यातली, पण निघण्याचे दिवस वेगळे, वाटा वेगळ्या, मुक्कामही वेगळे.

याचा सगळ्यात पक्का पुरावा इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या जलाशयावर मिळाला. इंग्लंडमधून ऑस्प्रे दीडेकशे वर्षांपूर्वीच नाहीसे झाले होते. १९९६ ते २००१ या काळात स्कॉटलंडच्या घरट्यांतून साधारण सहा आठवड्यांची पिल्लं तिथे आणली. मोठ्या पिंजऱ्यांत ठेवली, माणसं न दिसतील अशा बेताने आडून मासे दिले आणि पंख तयार झाल्यावर दारं उघडली. आईबाप शेकडो किलोमीटर दूर. तरीही ऑगस्ट-सप्टेंबर आला आणि ती पिल्लं दक्षिणेला निघाली. १९९९ मध्ये पहिले परत आले, तेही स्कॉटलंडला न जाता रटलंडला, कारण जिथून पहिलं उड्डाण केलं ते गाव त्यांनी आपलं मानलं. त्यातल्याच एका नराने, १९९७ साली आणलेल्या ०३ क्रमांकाच्या, २००१ मध्ये तिथे घरटं केलं. त्याला आफ्रिकेची वाट कुणी दाखवली होती?

दिशा आणि साधारण किती दिवस उडायचं, एवढी शिदोरी पिल्लू अंड्यातूनच घेऊन येतं. सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व यांवरून पक्षी दिशा धरतात. पण दिशा माहीत असणं आणि ठिकाण माहीत असणं यांत फरक आहे. परडेक नावाच्या डच शास्त्रज्ञाचा १९५८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, स्टारलिंग पक्ष्यांवरचा. स्थलांतराच्या वाटेवर नेदरलँड्समध्ये हजारो पक्षी पकडले, पायात कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. आधी एकदा जाऊन आलेल्या मोठ्यांनी चूक ओळखली आणि वळण घेऊन आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे गेले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं मात्र मूळची दिशा धरून सरळ उडत राहिली आणि फ्रान्स-स्पेनकडे भलतीकडेच पोचली.

ऑस्प्रेच्या पिल्लाचंही पहिल्या वर्षी असंच होतं. होकायंत्र आहे, नकाशा नाही. नकाशा तो प्रवास करत करत बनवतो, जगला तर.

---

पेन्सिल | १८ ऑगस्ट, रात्री ११:०१

वाचून दाखवलं. प्रतिक्रिया: "म्हणजे त्यांना गृहपाठ नसतो, डायरेक्ट परीक्षाच." आता झोपवते.

---

निळाई | १९ ऑगस्ट, दुपारी १२:३३

:)) लेकीचं वाक्य वाचनखुणांत.

'जगला तर' वर जरा सांगा ना कुणीतरी. किती जगतात?

---

समुद्रवारा | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१८

आकडा ऐकायला बरा नाही. उडालेल्या पिल्लांपैकी साधारण तिसरा हिस्सा, फार तर त्याहून थोडी जास्त, मोठी होऊन परत दिसतात. म्हणजे पाऊलखुणाताईंच्या तिघांपैकी एक.

वाटेत काय काय आहे बघा. पहिलं संकट वारा. स्कॉटलंडहून निघालेलं पिल्लू पूर्वेच्या वाऱ्यात सापडलं तर पश्चिमेला ढकललं जातं आणि खाली अटलांटिक. मोठा पक्षी ढकलला जातोय हे ओळखून वळतो, पिल्लाला ते उमगत नाही. पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर लावलेल्या काही पिल्लांचे शेवटचे ठिपके भर समुद्रात मिळालेले आहेत. ऑस्प्रे पाण्यात सूर मारून पुन्हा उडू शकतो, पण बदकासारखा पाण्यावर मुक्काम करू शकत नाही. जमीन दिसेपर्यंत रात्रंदिवस उडत राहायचं.

समुद्र टळला की सहारा. मोरोक्को ओलांडल्यावर शेकडो कोस मासा नाही, पाणी नाही. तिथे अंगावरची चरबी कामाला येते. म्हणून आत्ता कॅमेऱ्यात 'किती खातंय हे कार्टं' असं जे वाटतं ना, ते खाणं तिकडे चार-पाच दिवसांच्या उपासात खर्च होणार असतं. शिवाय विजेच्या तारा, बंदुका, मासेमारीची जाळी. आणि मुक्कामाला पोचल्यावर तिथले मोठे ऑस्प्रे चांगल्या जागांवर आधीच ठाण मांडून बसलेले. ते या नवख्यांना हुसकतात.

---

पाऊलखुणा | १९ ऑगस्ट, रात्री ९:०७

तिघांपैकी एक. मी तिघांना नावं ठेवायला नको होती.

---

निळाई | १९ ऑगस्ट, रात्री ९:१५

असं नका म्हणू. आम्हीही ठेवली असती.

---

पाऊलखुणा | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४०

ताजी खबर. तिघंही अजून आहेत. थोरली आता दुपार-दुपार गायब असते. आज परत आली तेव्हा पोटाखालची पिसं ओली होती! मासा नव्हता, पण पाण्याला शिवून आलेली नक्की. मधला आणि शेंडेफळ घरट्यावरच. बापाने मासा टाकला की जो आधी पोचेल तो पंख पसरून त्यावर तंबू ठोकतो आणि दुसऱ्याला पाठ दाखवतो. शेंडेफळाला आज सकाळपासून एकही मिळाला नाही. दुपारी बापाने दुसरा आणला, तोही मधल्याने पळवला. माझा जीव वरखाली.

पिल्लांना मासे पकडायला बाप का शिकवत नाही? नुसता आणून टाकतो.

---

दुर्बीण | २३ ऑगस्ट, रात्री १०:२२

ते शिकवावं लागत नाही, येतं. म्हणजे सूर मारायची ऊर्मी येते, नेम सरावाने बसतो. अवजारं तर जन्मतः मिळालेली असतात. बाहेरचं बोट मागे फिरतं, म्हणजे दोन बोटं पुढे, दोन मागे, चिमट्यासारखी पकड. तळव्यावर काटेरी खवले, निसटता मासाही धरून ठेवतील असे. पाण्यात शिरताना नाकपुड्या बंद होतात. थोरलीची ओली पिसं म्हणजे पहिले धडे. घरट्याच्या आसपास एकही मासा न पकडता निघून गेलेली पिल्लंही असतात. पहिला मासा मग वाटेत कुठेतरी, भुकेने शिकवलेला.

शेंडेफळाची काळजी करू नका. उडायच्या वयात पिल्लं आईबापांइतकी, कधीकधी थोडी जास्तच वजनदार असतात. एक दिवसाचा उपास त्याला सोसतो. आणि उशिरा उडालेलं पिल्लू उशिराच निघतं. थोरली भावंडं गेली की बापाचे सगळे मासे एकट्याचे. मग बघा कसं गुबगुबीत होतं ते.

---

अंकगणित | २४ ऑगस्ट, सकाळी ११:११

एक प्रश्न. हिवाळ्यात आपल्या धरणांवर कैकर दिसतात, ते हेच का? म्हणजे शेंडेफळ कुणाला इकडे भेटेल का?

---

दुर्बीण | २४ ऑगस्ट, दुपारी १२:०५

नाही, हे नाही भेटणार. जात एकच, पण वाट वेगळी. भारतात हिवाळ्यात येणारे मुख्यतः उत्तर आशियाकडचे. ब्रिटनमधले सेनेगल, गाम्बिया, गिनी-बिसाऊ या किनाऱ्यांकडे जातात, काही थोडे स्पेन-पोर्तुगालमध्येच थांबतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले बरेचसे फ्लोरिडा, क्यूबा असं करत कॅरिबियन समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत उतरतात. २००८ साली त्यातला एक पक्षी मॅसॅच्युसेट्सजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरून निघून १३ दिवसांत फ्रेंच गयानाला पोचला, सुमारे ४,३०० किलोमीटर. आणि दक्षिण फ्लोरिडातले ऑस्प्रे कुठेच जात नाहीत, वर्षभर तिथेच. पाणी गोठत नसेल तर कशाला कुणी जाईल?

---

निळाई | २४ ऑगस्ट, दुपारी ४:४४

आईबाप आफ्रिकेत एकत्र असतात का? मला मनात असं चित्र दिसत होतं, दोघं एका फांदीवर, समोर समुद्र...

---

समुद्रवारा | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

चित्र पुसा. वेगवेगळ्या देशांतही असू शकतात. सात-आठ महिने एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मग एप्रिलच्या आसपास पुन्हा त्याच घरट्यावर. निष्ठा आहे ती मुख्यतः घरट्याशी. दोघांची निष्ठा एकाच घरट्याशी म्हणून जोडी टिकते, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

हिवाळी जागेशीसुद्धा तेवढंच घट्ट नातं. वेल्समधल्या क्लिवेडॉग तलावावर घरटं करणारी एक मादी आहे, सेरेन, पायातल्या निळ्या कड्यावर '५एफ' ही खूण असलेली. ती गाम्बियात तांजीच्या किनाऱ्यावर हिवाळा काढते, हे तिच्या कड्यावरून कळलं. कडं दुर्बिणीतून वाचता येतं म्हणून हे शक्य होतं. तुमच्या पिल्लांच्या कोणत्या पायात आहे? स्कॉटलंडमध्ये डाव्या, इंग्लंड-वेल्समध्ये उजव्या पायात घालतात.

---

पाऊलखुणा | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:५२

डाव्या! आत्ता मुद्दाम बघितलं.

---

पाऊलखुणा | २८ ऑगस्ट, रात्री ८:२०

थोरली गेली.

काल तिथल्या सकाळी शेवटची दिसली. आधी दोन दिवस संततधार होती, घरटं चिंब, तिघंही माना आखडून बसलेली. काल उघडीप झाली, उत्तरेचा वारा सुटला. ती काठावर आली, पंख वाळवले, पलीकडच्या झाडावर गेली, तिथून वर. कॅमेऱ्याच्या चौकटीतून बाहेर गेली तेव्हा मला वाटलं नेहमीसारखी फेरी मारायला गेलीय. आज दिवसभर दोघंच.

---

समुद्रवारा | २८ ऑगस्ट, रात्री ९:०२

पावसाळी पट्टा सरकला, मागून उत्तरेचा वारा आणि स्वच्छ आकाश. हाच मुहूर्त. आम्ही तिकडे हवामानाचा नकाशा बघून पैजा लावायचो, उद्या कोण जाणार म्हणून. वारा पाठीशी असेल तर श्रम वाचतात, ऊन असेल तर जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ उठतात, त्यात गोल गोल चढून पुढे घरंगळत जायचं. करकोचे मुख्यतः यावरच अवलंबून असतात, म्हणून समुद्र टाळतात. ऑस्प्रे पंख मारतही लांब जातो, त्यामुळे समुद्र आडवा आला तरी घुसतो. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर त्याला जड नाहीत. काल निघाली असेल तर आता इंग्लंडच्या दक्षिणेत कुठेतरी झाडावर असेल. किंवा एखाद्या तळ्यावर रमली असेल, तसंही करतात.

---

पाऊलखुणा | २ सप्टेंबर, सकाळी १०:३०

मधलाही गेला. परवा. आता शेंडेफळ आणि बाप. दुर्बीण, तुम्ही म्हणालात तसंच झालं: काल चार मासे, चारही एकट्याचे. चौथा अर्धाच खाऊन झोपलं.

बाप काड्या का आणतोय पण? काल त्याने हातभर लांब काटकी आणून नीट रचली. आता कुणासाठी?

---

निळाई | २ सप्टेंबर, सकाळी १०:५१

किती तो प्रेमळ बाप! सगळे गेले तरी शेवटच्या लेकरासाठी थांबलाय, घर सावरतोय. डोळ्यांत पाणी आलं.

---

शंकेखोर | २ सप्टेंबर, दुपारी २:२५

मी परत आलो. :) प्रेम असेल-नसेल, मला माहीत नाही. पण जे दिसतं त्याला प्रेमाची गरज नाही. पिल्लू ओरडतं, तो मासा आणतो. ओरडणं थांबलं की आणणं थांबतं. त्या मधल्याने शेंडेफळाचा मासा पळवला तेव्हा बापाने मध्यस्थी केली का? नाही. जो ओरडेल, जो आधी पोचेल, त्याला.

---

निळाई | २ सप्टेंबर, दुपारी २:४०

म्हणजे अगदी यंत्रच म्हणा की.

---

शंकेखोर | २ सप्टेंबर, दुपारी २:४८

यंत्र कुठे म्हटलं? मला तर हे प्रेमापेक्षा थोर वाटतं. कुणी न सांगता, कुणी न बघता, स्वतःचा निघायचा दिवस पुढे ढकलत तो दिवसाला चार मासे आणतोय. त्याला आपल्या भावना चिकटवल्या की त्याचं ते आपलं होऊन जातं. त्याचं त्याच्यापाशी राहू द्या की.

---

दुर्बीण | २ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

दोघांचंही वाचून मजा आली. मी मध्ये पडत नाही. फक्त काड्यांबद्दल: हंगामाच्या शेवटी नर असं करतात. एकच घरटं वर्षानुवर्षं वापरतात, दरवर्षी भर घालतात, त्यामुळे काही घरटी माणूस आत बसेल एवढी होतात. पुढच्या एप्रिलमध्ये जागा आपली राहावी, हा त्यातला व्यवहार. हिवाळी वादळं त्यातलं किती ठेवतील ते वेगळं.

---

पेन्सिल | ५ सप्टेंबर, रात्री ८:३५

रोज रात्री "शेंडेफळ गेलं का?" हा प्रश्न ठरलेला. आज तिने वहीत आफ्रिकेचा नकाशा काढला. विचारते, पिल्लं पोचली की पुढच्या उन्हाळ्यात परत येतील ना?

---

दुर्बीण | ५ सप्टेंबर, रात्री ९:५०

पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या. पहिला अख्खा उन्हाळा ती आफ्रिकेतच काढतात. तिथली खाडी, भरती-ओहोटी, मासे, शेजारी, सगळं शिकतात. साधारण दोन वर्षांची झाली की उत्तरेकडे परततात. घरटं, अंडी वगैरे त्यानंतर, वयाच्या तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या वर्षी. नर जन्मगावाच्या जवळपास येतात, माद्या लांबही जाऊन बसतात. म्हणजे लेक दहा वर्षांची होईल तेव्हा नकाशा पुन्हा काढायला सांगा.

तोपर्यंत डोळे बघून ओळखायचा खेळ शिकवा: पिल्लांचे डोळे नारिंगी असतात, मोठ्यांचे पिवळे. पिल्लांच्या पाठीवरच्या पिसांना फिकट किनार असते, त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते. परततील तेव्हा यातलं काही उरलेलं नसेल. ओळख पटेल ती पायातल्या कड्यावरून.

---

पाऊलखुणा | ९ सप्टेंबर, रात्री ९:३३

शेंडेफळ काल गेलं.

पण मला आजचं सांगायचंय. आज तिथल्या सकाळी सव्वानऊला बाप मासा घेऊन आला. चांगला मोठा ट्राउट, शेपटी अजून हलत होती. घरट्यावर उतरला, मासा पायाखाली धरून उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एकदा बारीक आवाज काढला. दहा-अकरा मिनिटं तसाच. मग डोक्यापासून खायला सुरुवात केली आणि अख्खा संपवला. एप्रिलपासून तिथे बसून त्याने अख्खा मासा खाल्लेला मी पहिल्यांदा पाहिला.

शंकेखोर, मी काहीही चिकटवत नाहीये. फक्त सांगतेय.

---

शंकेखोर | ९ सप्टेंबर, रात्री ९:४१

वाचलं. दोनदा.

---

समुद्रवारा | १० सप्टेंबर, सकाळी ८:१५

अजून दोन-चार दिवस थांबेल बघा. आता तो स्वतःसाठी खाणार. त्याचीही एप्रिलपासूनची झीज आहे. एका सप्टेंबरात आमचा नर पाच दिवस असा एकटा होता. दिवसातून दोन मासे, बाकी वेळ वाळक्या फांदीवर पिसं साफ करत. सहाव्या दिवशी पाऊस थांबला आणि आमच्या वहीतला तो शेवटचा रकानाही दोन दिवस मागे जाऊन भरावा लागला.

---

पाऊलखुणा | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०५

१२ तारखेला दुपारी तिथल्या पावणेदोनला बाप शेवटचा दिसला. एक काटकी आणली, ठेवली, सरळ केली, गेला. काल नाही. आज नाही.

आज सकाळपासून घरट्यावर एक कावळा आहे. जुने काटे-खवले टिपतोय. कॅमेरा महिनाअखेरीस बंद करणार आहेत म्हणे. तोवर खिडकी उघडीच ठेवली आहे.

---

पेन्सिल | १४ सप्टेंबर, रात्री ८:१२

तिने विचारलंय, कावळ्याला नाव ठेवलं का?